आभाळ साफ नव्हतं

राजापेठ, अमरावती
१६ मे २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक, मयूरपंख एअर, मुंबई

विषय : १४ मेच्या मुंबई–अमरावती विमानाबद्दल तक्रार

महोदय,

मी खुशालराव गावंडे, वय अडुसष्ट, सेवानिवृत्त मोजणीदार. तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या. मोजणीत साखळीची एक कडी चुकली की भाऊ भावाच्या जिवावर उठतो, हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस आहे. म्हणून हे पत्रही मोजूनमापून लिहितो.

माझी पत्नी जमुना हिच्या हृदयाची झडप पाच आठवड्यांपूर्वी मुंबईत बदलली. डॉक्टरांनी सांगितलं, आगगाडीत बारा तास बसवू नका, विमानाने न्या. मुलगा किशोर मुंबईत नोकरीला. त्याने तिला विमानात बसवून दिलं, इकडे घ्यायला मी गेलो. विमान दुपारी सव्वाचारला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर उतरायचं होतं. ते उतरलंच नाही. तुमच्या लोकांनी ते परस्पर नागपूरला नेलं. तिथे छातीवर टाके असलेल्या बाईला दोन तास खुर्चीत बसवलं आणि मग बसमध्ये घालून रात्री नऊला अमरावतीत आणून सोडलं.

कारण विचारलं तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, हवामान खराब. कोणतं हवामान? मी साडेतीनपासून तिथे उभा होतो. आभाळ आरशासारखं साफ होतं. ऊन कडक होतं. तुमच्या कोण्या कर्मचाऱ्याच्या लहरीपायी आजारी बाईचे हाल झाले. त्याचं नाव मला कळवा आणि त्याच्यावर कारवाई करा. नाही तर मी ग्राहक मंचात जाईन.

आपला,
खुशालराव गावंडे

—

मयूरपंख एअर, ग्राहक सेवा विभाग
२३ मे २०२५

श्री. गावंडे यांस,

आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल कंपनी दिलगीर आहे. आपल्या तक्रारीची गंभीर दखल घेण्यात आली आहे. विमान नागपूरला वळवण्याचा सल्ला देणाऱ्या संबंधित कर्मचाऱ्यास चौकशी पूर्ण होईपर्यंत कामावरून दूर ठेवण्यात आले असून आपले पत्र चौकशीच्या कागदपत्रांत जोडण्यात आले आहे.

आपला विश्वासू,
(सही)

—

बाळापूर, जि. अकोला
२८ मे २०२५

आदरणीय खुशालराव काका,

सलाम आणि नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. ज्या कर्मचाऱ्याला कामावरून दूर ठेवल्याचं कंपनीने तुम्हाला कळवलं असेल, ती मी. निखत शफीक. सध्या बाळापूरला आईवडिलांकडे आहे. तुमच्या तक्रारीची प्रत चौकशीसाठी मला दिली, त्यावर तुमचा पत्ता होता. खरं तर मी तुम्हाला लिहायला नको. पण फोन केला तर दबाव आणल्यासारखं होईल. पत्र निदान कागदावर राहतं, उद्या कोणालाही दाखवता येतं.

आधी काकूंची तब्येत कशी आहे ते कळवा.

माझ्या कामाला फ्लाइट डिस्पॅचर म्हणतात. विमान उडवत नाही, जमिनीवरच बसते. विमान सुटण्याआधी त्याचा मार्ग, इंधन, वाटेतलं हवामान आणि ठरलेल्या जागी उतरता आलं नाही तर दुसरीकडे कुठे उतरायचं, हे सगळं ठरवून त्या कागदावर सही करायची. कॅप्टनचीही सही असते, माझीही. पुढे ते विमान उतरेपर्यंत त्याच्यावर नजर ठेवायची.

त्या दिवशी सातपुड्यावर ढग चढत होते, ते मला पडद्यावर दिसले. तुमच्या विमानात नागपूरला जाण्यापुरतं आणि वर अर्ध्या तासाचं इंधन होतं. ढग अमरावतीवरून पुढे नागपूरकडेच सरकणार होते. अमरावतीवर घिरट्या घालत वाट पाहिली असती तर दोन्ही दारं बंद झाली असती. म्हणून तीन बावन्नला मी कॅप्टनला सांगितलं, आत्ताच नागपूरला जा. त्यांना पटलं आणि ते गेले.

आता अडचण अशी आहे. विमानतळावरची चार वाजताची नोंद म्हणते, हवामान साफ. साडेचारची नोंद म्हणते, साफ. मधल्या वेळेची नोंद कंपनीने मागवली आहे, ती अजून आलेली नाही. मी विमान विनाकारण वळवलं, असं कंपनीचं म्हणणं आहे. आणि फाइलमध्ये त्या अर्ध्या तासाचा एकच साक्षीदार आहे, तुम्ही.

काका, मी तुम्हाला काही बदलायला सांगत नाही. फक्त विचारते. चार ते साडेचारच्या मध्ये आभाळात खरंच काही नव्हतं का? नसेल तर तसं लिहा. मग माझा अंदाज चुकला, हे तरी मला कळेल. १२ जूनला चौकशी समिती बसते आहे.

आपली,
निखत

—

राजापेठ, अमरावती
१ जून २०२५

निखत,

तुझं पत्र पोचलं. जमुनाची तब्येत बरी आहे. सकाळी अंगणात दहा फेऱ्या मारते.

कारवाई करा असं मी लिहिलं तेव्हा मला वाटलं होतं, एखादा टाय लावलेला साहेब असेल. बाळापूरची पोरगी असेल असं वाटलं नाही. बाळापूरला मी तीन वर्षं होतो मोजणीच्या कामावर. किल्ल्याच्या मागच्या बाजूला खोली करून राहिलो.

पण ओळख काढली म्हणून मी विरघळणार नाही. तू लिहितेस की विमान तीन बावन्नला वळवलं. मग मले चार बत्तीसपर्यंत कोणी काहून सांगितलं नाही? चाळीस मिनिटं मी तिथं विमानतळावर उभा होतो. काउंटरवरच्या पोरीले विचारलं, तिले माहीत नाही. पोलिसवाल्याले विचारलं, त्यालेही माहीत नाही. बोर्डावर लिहिलेलं, वेळेवर. चाळीस मिनिटं म्हणजे काय असते, तुले माहीत आहे का?

याचं उत्तर दे आधी. आभाळाचं म्हणशील तर मी लिहिलं ते लिहिलं.

खुशालराव

—

बाळापूर
४ जून २०२५

आदरणीय काका,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर सरळ देते. तुम्हाला चाळीस मिनिटं कोणी सांगितलं नाही, कारण मी विसरले.

विमान वळवलं की उतरायच्या ठिकाणच्या काउंटरला कळवायचं, हे माझंच काम. मी ते समोरच्या कागदावर लिहून ठेवलं होतं, ‘अमरावतीला फोन’. आणि तो फोन मी चार एकतीसला केला.

एरवी माझ्याकडे एका वेळी चौदा-पंधरा विमानं असतात. त्या दिवशी शेजारच्या टेबलावरचा अश्विन आजारी पडला. त्याच्या जागी बोलवायला कोणी नव्हतं, म्हणून त्याची विमानंही माझ्याकडे आली. सव्वीस झाली. हवा चांगली असती तर सव्वीसही निभतात. पण त्या दुपारी इंदूरचं विमान घिरट्या घालत होतं, रायपूरचं सुटत नव्हतं, हैदराबादचे कॅप्टन जास्तीचं इंधन मागत होते आणि त्यासाठी सामान उतरवावं लागणार होतं. तीन फोन, दोन पडदे. एका विमानाचं बोलताना दुसऱ्याचा नंबर तोंडातून जायचा. दुपारपासून मी पाणी प्यायला उठले नव्हते.

आणखी एक गोष्ट आहे. सातपुड्यावरच्या ढगांचा इशारा माझ्या पडद्यावर तीन एकोणतीसला आला होता. मी तो वाचला तीन चाळीसला. अकरा मिनिटं तो माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि मी पाहिला नाही. आणखी दहा मिनिटं पाहिला नसता तर विमान खाली यायला लागलं असतं. लोक विचारतात, वळवलंस का? मला झोप येत नाही ती याची, की तो इशारा पाहायचा थोडक्यात राहूनच गेला असता.

हे दोन्ही मी चौकशीत सांगितलेलं नाही. कोणी विचारलं नाही. अब्बा म्हणतात, “बेटा, जे विचारत नाहीत ते कशाला सांगतेस? आपणहून फास गळ्यात घालू नकोस.” पण तुमचं पत्र वाचल्यावर मी ठरवलं आहे. १२ तारखेला दोन्ही सांगेन. तुमचं आभाळाबद्दलचं म्हणणं काहीही असो.

त्या चाळीस मिनिटांसाठी माफ करा म्हणायलाही लाज वाटते. तरी म्हणते, माफ करा.

निखत

—

राजापेठ, अमरावती
७ जून २०२५

बेटा निखत,

तुझं पत्र काल दुपारी आलं. तीन वेळा वाचलं. मग उठून कपाटातून माझी खिशात ठेवायची वही काढली. आता मी सांगतो, तू वाच.

आभाळ साफ नव्हतं.

चारला होतं. मी गाडीला टेकून उभा होतो. चार वाजून आठ मिनिटांनी वायव्येकडून धूळ उठली. अशी की समोरची इमारत दिसेना. मग वारा. बाजूच्या टपरीचा पत्रा उचलला गेला आणि कागदासारखा लोळत कुंपणापर्यंत गेला. बोराएवढ्या गारा पडल्या. माझ्या गाडीवर कडुलिंबाची फांदी आली, काच तडकली. चार पंचवीसला सगळं थांबलं आणि पाच मिनिटांत पुन्हा ऊन, जसं काही झालंच नाही. दोन्ही वेळा माझ्या वहीत आहेत. मोजणीदाराला वेळ टिपायची सवय असते, काही झालं तरी तो टिपतो.

विमान सव्वाचारला उतरायचं होतं, बेटा. बोर्डावर वेळेवर लिहिलं होतं. म्हणजे माझ्या हिशेबानं जमुना त्या धुळीच्या आत होती. मी गाडी सोडून भर गारांत कुंपणाकडे पळालो. वर पाहून राहिलो, काही दिसेना. एक आवाज आला मोठा, वीज पडली असेल कुठे, पण मले वाटलं, संपलं. मी तिथंच खाली बसलो. झाडलोट करणारी एक बाई होती, पार्वताबाई नाव तिचं. तिनं मले धरून आडोशाले नेलं, पाणी पाजलं. मी तिच्यासमोर पोरासारखा रडलो. अडुसष्ट वर्षांचा माणूस. “बाबूजी, येईल विमान, येईल,” ती म्हणे. पुढे चार बत्तीसला काउंटरवरची पोरगी हसत हसत येऊन सांगते, विमान नागपूरला गेलं, सगळे सुखरूप. तिचं काही चुकलं नव्हतं. पण त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं.

दोन दिवसांनी तक्रार लिहाले बसलो. वादळ लिहिलं तर कंपनीले आयतं कारण भेटते, हे एक. दुसरं खरं कारण हे की ते वादळ लिहिलं तर मले त्या कुंपणापाशी पुन्हा जावं लागलं असतं. म्हणून मी लिहिलं, साफ होतं. तीस वर्षांत एक रेघ खोटी ओढली नाही आणि जे आभाळ मी स्वतः पाहिलं ते खोटं लिहिलं. त्यापायी एका पोरीची नोकरी जाऊन राहिली. तू तर न विचारता आपली चूक सांगाले निघाली. मी विचारूनही लपवली.

कंपनीला आज रजिस्टर पत्र टाकलं आहे. त्याची नक्कल सोबत जोडतो. वहीच्या त्या पानाची झेरॉक्सही जोडली आहे. समितीला पाहिजे असेल तर मी मुंबईला येऊन सांगेन. पार्वताबाईंनाही विचारून ठेवलं आहे, त्या म्हणतात, “मी बी सांगीन. भेत नाई मी कोणाले.”

तुझी ती चाळीस मिनिटं मी माफ केली असं लिहिणार होतो. पण माफ करणारा मी कोण? सव्वीस विमानं एका पोरीच्या डोक्यावर ठेवणाऱ्यानं ते उत्तर द्यावं.

तुझा,
खुशालराव काका

—

मुंबई
२९ जून २०२५

प्रिय काका,

तीन आठवडे पत्र नाही म्हणून तुम्ही नाराज असाल. एका दमात लिहिण्यासारखं काही हाती लागेपर्यंत थांबले होते.

१२ तारखेला समितीत तिघे जण होते. सगळ्यात आधी तुमचं नवीन पत्र वाचून दाखवलं गेलं, वहीचं पान हातोहात फिरलं. एकांनी विचारलं, “या गृहस्थांना तुम्ही पत्र लिहिलं होतं?” मी हो म्हटलं आणि माझ्या दोन्ही पत्रांच्या प्रती टेबलावर ठेवल्या. त्यांनी त्या वाचल्या. नियमात बसत नाही, एवढंच बोलले.

मग मी उभी राहून अकरा मिनिटं आणि चाळीस मिनिटं, दोन्ही सांगितली. समितीत एक वयस्क गृहस्थ होते, पूर्वी स्वतः डिस्पॅचर होते म्हणे. त्यांनी विचारलं, “तेव्हा तुमच्याकडे किती विमानं होती?” मी म्हटलं, “सव्वीस.” त्यांना पटलं नाही. त्यांनी त्या दिवसाचा कामाचा तक्ता मागवला आणि बोट ठेवून एकेक विमान मोजलं. मोजून झाल्यावर चष्मा काढून ठेवला आणि बाकीच्या दोघांना म्हणाले, “आपण चुकीच्या माणसाला बोलावलं आहे.”

त्या दिवशी निर्णय झाला नाही. मधल्या वेळेची विमानतळावरची नोंद १९ तारखेला आली. वादळ चार वाजून सात मिनिटांनी सुरू, चार सव्वीसला संपलं. तुमची वही दोन्हीकडे एकेका मिनिटाने चुकली, काका! कॅप्टनचा जबाबही त्याच दिवशी आला. त्यात एक ओळ आहे : निरोप आला नसता तर मी तीन पंचावन्नला खाली उतरायला सुरुवात केली असती. ती ओळ वाचून मी बाथरूममध्ये जाऊन बसले, बराच वेळ.

विमान वळवलं ते बरोबर ठरलं. काउंटरला कळवलं नाही त्याबद्दल लेखी ताकीद मिळाली. मी सही करून ती घेतली, चूक माझीच होती. आणि १ जुलैपासून नवीन नियम लागतो आहे : हवामान बिघडलं असेल त्या दिवशी एका माणसाकडे पंधराच्या वर विमानं नाहीत. कोणी आजारी पडलं तर बोलवायला एक जण राखीव. आणि विमान वळवल्यावर खाली कळवायला वेगळा माणूस, त्याचं तेवढंच काम.

परवा मी कामावर रुजू झाले. बाहेर धो धो पाऊस होता. माझ्याकडे तेरा विमानं होती. तेराही उतरली. घरी येऊन अब्बांना फोन केला, ते “अल्हमदुलिल्लाह” म्हणाले आणि अम्मीला हाक मारून फोन तिच्या हाती दिला.

त्या रात्री मी नऊ तास झोपले.

काकूंना सलाम सांगा.

तुमची,
निखत

—

राजापेठ, अमरावती
१३ जुलै २०२५

चि. निखतले जमुनाकाकूचा आशीर्वाद.

पोरी, तू मले ओळखत नाई. ज्या बाईपायी एवढं रामायण झालं ते मी. आतापर्यंत यायनं, तुह्या काकानं, मले काहीच सांगतलं नवतं. तुही पत्रं आली की वाचून कपाटात ठेवत. मी समजे, पेन्शनीचा कागद असंन. मांगच्या आठवड्यात हे बाजारात गेले तवा कपाट आवरून राहिली होती, त्यात सगळे भेटले, यायनं तुले लिवलेल्या पत्राची नक्कल बी भेटली. दुपारभर वाचत बसली मी.

आधी माह्यी गोष्ट सांगतो. यायनं कंपनीले लिवलं, आजारी बाईचे हाल झाले. माये, काई हाल झाले नाई! खिडकीजवळ बसली होती मी. एका बाजूले ऊन अन् एका बाजूले काळ्या ढगाची भिंत, अशी उंच की वरचं टोक दिसेना. तिच्यात इजा चमकून राहिल्या होत्या, पण आवाज नाई. मले वाटलं, देवानं मलेच दाखवाले ठेवलं हे. मग विमान वळलं अन् ते भिंत मांगं मांगं गेली. पायलट बोलला, आपण नागपूरले जाऊन राहिलो, भ्याचं काम नाई. बाजूच्या सीटवर धामणगावची एक बाई होती, तिनं माह्या हात धरला. मी भेली नवती, तेच भेली होती. नागपूरले तिच्या डब्यातला आलूपराठा खाल्ला, गोष्टी केल्या. तिच्या सुनेचं आता मले सगळं माहीत हाय.

पण अथी अमरावतीत हे गारांत बसून रडत होते, हे मले तवा समजलं. एकेचाळीस वर्षं झाली लग्नाले. माय मेली तवा नाई रडले. मले ऑपरेशनले नेलं तवा बी दरवाज्यापाशी उभं राहून म्हणे, “जाय, लवकर ये,” जसं मी दुकानात चालली. मले वाटलं होतं, यायचं काळीज दगडाचं हाय. पोरी, तू ते पत्र लिवलं नसतं तं मी असंच समजून मरून गेली असती.

मी यायले काही इचारलं नाई. पत्रं जशीच्या तशी ठेवून देली. संध्याकाळी चहा घेऊन बाजूले बसली अन् विमानातली सगळी गोष्ट सांगतली, ढगाची भिंत, इजा, धामणगावची बाई, सगळी. दोन महिन्यांत यायनं एकदा बी इचारली नवती. आयकून राहिले, आयकून राहिले, मग म्हणे, “मले असं वाटलं होतं...” चहा थंडा झाला तं दुसरा केला.

आता पुढच्या महिन्यात, नऊ तारखेले, डॉक्टरले दाखवाले मुंबईले जायचं हाय. किशोर म्हणे, आई, मी न्याले येतो. तं हेच म्हणे, “तू कावून येतं? मी जातो तिच्यासंगं.” आजवर विमानात बसले नाई हे. तवापासून रोज मले इचारतात, कानात दडे बसतात का, पट्टा कसा लावतात, ढगात गेलं का हालते का. काल मोठ्या ऐटीत म्हणे, “तुले भेव वाटलं तं माह्या हात धरजो.”

मी म्हटलं, “मले तं वाटत नाई भेव.”

मग म्हणे, “तरी धरजो.”

जमुनाकाकू